नॅनोकणांतून दिले जाणारे किरणोत्सारी उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाच्या बातमीत ‘नॅनो’ आणि ‘अणू’ हे दोन शब्द एकत्र आले की आशाही वाढते आणि धास्तीही. रुग्णांचे नातेवाईक, फार्मसी-नर्सिंगचे विद्यार्थी आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. तुमचे रिपोर्ट त्यांच्यासमोर असतात.

रेडिएशन बाहेरून देता येतं, मग किरणोत्सारी औषध शरीरात कशाला सोडायचं?

बाहेरून रेडिएशन देताना (आपल्याकडे लोक त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात) गाठ नेमकी कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं. आजार एक-दोन ठिकाणीच असेल तर हा उपचार उत्तम. पण तो हाडांत, यकृतात, लसिकाग्रंथींत विखुरला असेल तर मशीनचा झोत कुठे कुठे फिरवणार? अशा वेळी किरणोत्सारी अणूच रक्तावाटे गाठीपर्यंत पाठवायचा आणि किरण तिथेच सुटू द्यायचे.

ही कल्पना जुनी आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉईडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यायला सुरुवात केली. थायरॉईड ग्रंथी आयोडीन स्वतःच ओढून घेते, त्यामुळे तिथे वेगळा वाहक लागला नाही. बाकी अवयवांकडे अशी सोय नाही. तिथे अणूला कोणीतरी घेऊन जावं लागतं.

आज हे वाहक म्हणून काय वापरतात?

बहुतेक ठिकाणी छोटे रेणू. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून उगवणाऱ्या गाठींच्या) पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही (रिसेप्टर) मोठ्या संख्येने असतात. त्यांना चिकटणाऱ्या लहानशा पेप्टाइडला ल्युटेशियम-१७७ जोडतात. अमेरिकेत या औषधाला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या ल्युटेशियमच्या औषधाला मार्च २०२२ मध्ये मिळाली. दोन्हींचा एक डोस ७.४ गिगाबेकरेल (हे किरणोत्सार मोजायचं एकक), म्हणजे दवाखान्याच्या भाषेत २०० मिलिक्युरी. पहिल्याचे चार डोस देतात, दुसऱ्याचे सहापर्यंत.

या औषधांनी हजारो रुग्णांना फायदा झाला आहे. नॅनोकणांवरचं कुठलंही संशोधन वाचताना तुलना यांच्याशी करायची, हे ध्यानात असू द्या.

छोटे रेणू चांगलं काम करतात, मग नॅनोकणांची गरज काय?

तीन कारणं सांगितली जातात. पहिलं म्हणजे संख्या. एका पेप्टाइडला एक अणू जोडता येतो, एका प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) मोजके. शंभर नॅनोमीटरच्या एका कणात मात्र शेकडो ते हजारो अणू मावतात. ज्या गाठीच्या पेशींवर ग्राही कमी असतात, तिथे हा फरक मोलाचा ठरू शकतो.

दुसरं, कण जिथे टोचला तिथेच राहतो. छोटा रेणू मेंदूत किंवा गाठीत थेट टोचला तर तो काही तासांत पसरून निघून जातो. कण आकाराने मोठा, त्यामुळे दिवसेंदिवस तिथेच टिकतो. माझ्या मते या तिन्हींतलं हेच कारण सगळ्यात भक्कम आहे, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

तिसरं कारण अल्फा किरण सोडणाऱ्या अणूंच्या बाबतीत आहे. त्यासाठी खाली वेगळा प्रश्न घेतला आहे.

‘नॅनो’ म्हणजे नेमका केवढा कण?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबडी रक्तपेशी साधारण ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते. औषधासाठीचे बहुतेक नॅनोकण ५ ते २०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. यकृताच्या कर्करोगात वापरतात ते यिट्रियम-९०चे काचेचे मणी मात्र २० ते ३० मायक्रोमीटरचे, म्हणजे या कणांच्या शेकडो पट मोठे. बातम्यांमध्ये दोन्हींना सर्रास ‘नॅनो’ म्हटलं जातं. शरीरातलं त्यांचं वागणं पूर्ण वेगळं असतं.

कोणते समस्थानिक वापरतात? किरण किती लांब जातात?

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू; नावापुढचा आकडा ते वजन सांगतो. निवड दोन गोष्टींवर ठरते: अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून संपायला लागणारा वेळ) किती आणि किरणांचा पल्ला किती.

ल्युटेशियम-१७७चं अर्धायुष्य ६.६५ दिवस, आणि त्याचे बीटा कण ऊतींमध्ये जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. यिट्रियम-९०चं अर्धायुष्य ६४ तास, पण पल्ला ११ मिलिमीटरपर्यंत, म्हणून मोठ्या गाठींसाठी ते बरं. ऱ्हेनियम-१८६चं अर्धायुष्य सुमारे पावणेचार दिवस, ऱ्हेनियम-१८८चं १७ तास, सोने-१९८चं २.७ दिवस. ॲक्टिनियम-२२५ अल्फा कण सोडतं, अर्धायुष्य सुमारे दहा दिवस. अल्फा कण ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे पाच-दहा पेशी ओलांडेपर्यंतच जातो. पण तेवढ्या वाटेत तो इतकी ऊर्जा ओततो की डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि पेशीला ते सांधणं फार कठीण जातं.

इथे एक आकडा सांगण्यासारखा आहे. ७.४ गिगाबेकरेल ल्युटेशियम-१७७ शुद्ध स्वरूपात वजन केलं तर ते जेमतेम १.८ मायक्रोग्रॅम भरतं, एका मिलिग्रॅमच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. म्हणजे रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या वस्तुमानात अणूंचा वाटा नगण्य असतो. जवळजवळ सगळं वजन वाहकाचं असतं, आणि म्हणून वाहकाची विषाक्तता वेगळी तपासावी लागते.

अणू कणाला धरून कसा राहतो?

एक मार्ग म्हणजे कणाच्या पृष्ठभागावर कीलेटर जोडायचा. हा रेणू धातूच्या अणूला चहूबाजूंनी पकडून ठेवतो. छोट्या औषधांत वापरतात तोच डोटा इथेही चालतो.

दुसरा मार्ग अणू कणाच्या आत कोंडण्याचा, आणि तो मला रसायनशास्त्र म्हणून फार सुंदर वाटतो. ऱ्हेनियमच्या लिपोसोमचं उदाहरण घ्या. लिपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याची पोकळ पुटकुळी. ती बनवतानाच आत अमोनियम सल्फेट भरतात, त्यामुळे आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा आम्लधर्मी राहतं. बाहेर ऱ्हेनियमला बीएमईडीए नावाच्या रेणूशी जोडतात. हे संयुग तेलात विरघळणारं, त्यामुळे पापुद्र्यातून सहज आत शिरतं. आत शिरलं की आम्लामुळे त्याला प्रोटॉन चिकटतो, त्यावर विद्युतभार येतो आणि भारित रेणूला तो पापुद्रा ओलांडता येत नाही. आत जाण्याची वाट उघडी, बाहेर पडण्याची बंद. हे सगळं थोडंसं गरम करून तासाभरात उरकता येतं, आणि झपाट्याने कमी होत जाणाऱ्या समस्थानिकांसाठी हा वेळ महत्त्वाचा असतो.

तिसरा मार्ग म्हणजे कणच किरणोत्सारी करायचा. निसर्गातलं सगळं सोनं सोने-१९७ असतं. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषला की ते सोने-१९८ होतं. मग सुटण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कण त्याच अणूंचा बनलेला असतो.

मार्ग कोणताही असो, रुग्णाला देण्याआधी ‘न जोडलेला’ अणू किती उरला हे तपासतात. शिशाच्या आडोशामागे कागदाच्या अरुंद पट्टीवर औषधाचा थेंब ठेवतात आणि पट्टी द्रावात उभी करतात. जोडलेलं आणि सुटं पट्टीवर वेगवेगळ्या उंचीवर थांबतं. दोन्ही भाग मोजले की टक्केवारी कळते. बॅच नापास झाली तर इंजेक्शन रद्द, रुग्ण बाहेर बसलेला असला तरी.

अल्फा किरणांच्या बाबतीत वेगळं काय?

ॲक्टिनियम-२२५ एकदा फुटून थांबत नाही. ते फ्रान्सियम-२२१ होतं, मग ॲस्टॅटिन-२१७, मग बिस्मथ-२१३. सगळी साखळी संपेपर्यंत चार अल्फा कण सुटतात. म्हणूनच ते इतकं प्रभावी आहे आणि म्हणूनच अवघडही.

गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते, तसा अल्फा सुटताना उरलेला अणू मागे फेकला जातो. त्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. रासायनिक बंध तुटायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. त्यामुळे पहिल्याच अल्फानंतर अणू कीलेटरमधून निसटतो. कीलेटर कितीही घट्ट असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. सुटा झालेला बिस्मथ-२१३ मूत्रपिंडाकडे जातो आणि ४६ मिनिटांच्या अर्धायुष्यात उरलेला अल्फा तिथे सोडतो.

फेकला गेलेला अणू पाण्यात सुमारे शंभर नॅनोमीटरवर थांबतो. घनपदार्थात त्याहून लवकर. म्हणून कल्पना अशी की अणू दाट पदार्थाच्या कणात खोलवर पुरायचा. अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या संशोधकांनी लँथॅनम-गॅडोलिनियम फॉस्फेटचा गाभा, त्यावर गॅडोलिनियम फॉस्फेटचे थर आणि सगळ्यात वर सोन्याचा मुलामा असे कण बनवले आणि उंदरांच्या फुप्फुसांत तपासले. थर वाढवले तसे कन्या-अणू (फुटल्यावर उरणारे पुढचे अणू) आत राहण्याचं प्रमाण वाढलं. लिपोसोमच्या बाबतीत मात्र गणित सांगत होतं की अर्धे कन्या-अणू आत ठेवायचे तर पुटकुळी ६५० नॅनोमीटरहून मोठी हवी, आणि एवढा मोठा कण रक्तातून फार लवकर काढून टाकला जातो.

शिरेतून दिलेल्या कणांपैकी किती गाठीपर्यंत पोचतात?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब आहे.

१९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि लसिकावाहिन्यांचा निचरा नीट नसतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे साठतात. पुढे तीन दशकं सगळं नॅनोऔषधशास्त्र या एका निरीक्षणावर उभं राहिलं. उंदरांत ते चांगलं दिसतं. उंदराच्या पाठीवर महिनाभरात वाढवलेली गाठ शरीराच्या मानाने प्रचंड असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, मूळ ऊतीत गुंतलेली. गळतीचं प्रमाण रुग्णागणिक, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही वेगळं असतं.

२०१६ मध्ये टोरंटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेल्या भागाचं मध्यमूल्य निघालं ०.७ टक्के. हा आकडा काढण्याच्या पद्धतीवर नंतर वाद झाला, पण मूळ दुखणं कोणी नाकारलं नाही.

केमोच्या औषधाला हे परवडू शकतं. यकृतात गेलेलं औषध यकृत मोडून टाकतं. अणूचं केंद्रक यकृताला मोडता येत नाही. कण जिथे अडकेल तिथे तो शेवटपर्यंत किरण सोडत राहतो. समजण्यापुरता हिशोब मांडू. समजा २० ग्रॅमच्या गाठीत मात्रेचा १ टक्का गेला आणि दीड किलोच्या यकृतात ५० टक्के. गाठीत प्रति ग्रॅम ०.०५ टक्के, यकृतात प्रति ग्रॅम ०.०३३ टक्के. म्हणजे गाठीला जेवढा मार, त्याच्या दोन-तृतीयांश मार निरोगी यकृताला. असा उपचार कोणताही शहाणा डॉक्टर देणार नाही.

म्हणून कणात किती हजार अणू मावतात याच्या बढाईला मी फारसं महत्त्व देत नाही. जो भाग गाठीपर्यंत पोचला नाही तो कुठे गेला आणि तिथे किती दिवस राहिला, हे शोधनिबंधात आधी बघावं. ते नीट सांगितलेलं असेल तर पुढे वाचावं.

यकृतच का? आणि तिथे राहिल्याने इतकं काय बिघडतं?

यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी यांचं कामच रक्तातले परके कण गिळण्याचं. कण रक्तात शिरताच प्रथिनं त्याला चिकटतात आणि या पेशी त्याला ओळखतात. कणाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण दिलं तर ओळखायला वेळ लागतो, एवढंच.

बिघडतं काय, हे माणसांवर एकदा दिसून आलेलं आहे. १९३०च्या सुमारास ‘थोरोट्रास्ट’ नावाचं द्रव्य एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून रक्तवाहिन्यांत टोचत. ते थोरियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचं कलिल (कोलॉइड, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे कण) होतं. आजच्या भाषेत नॅनोकणच. चित्र झकास यायचं, तात्काळ त्रास काही नाही, म्हणून १९५०च्या दशकापर्यंत ते अनेक देशांत वापरलं गेलं. कण यकृत-प्लीहेत बसले आणि बाहेर पडलेच नाहीत. थोरियम-२३२चं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं, आणि ते अल्फा सोडतं. वीस-तीस वर्षांनी त्या लोकांत यकृताचे कर्करोग दिसू लागले, त्यात एरवी अत्यंत दुर्मिळ असलेला अँजिओसार्कोमाही. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथे या रुग्णांचा दशकानुदशकं पाठपुरावा झाला. आज वापरले जाणारे समस्थानिक काही दिवसांत किंवा आठवड्यांत जवळजवळ संपतात, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण कण शरीराबाहेर कसा पडणार, हा प्रश्न नियामक आजही अगदी सुरुवातीला विचारतात, त्यामागे या रुग्णांचा अनुभव आहे.

मग कण इतका लहान करायचा की लघवीवाटे निघून जाईल?

हो, हा मार्ग आशादायक आहे. साधारण ५ ते ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बनवलेले सिलिकाचे ‘सी डॉट्स’ या मापाच्या आसपास, ६-७ नॅनोमीटरचे आहेत. त्यांवर आयोडीन-१२४ जोडून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये मेलॅनोमाच्या पाच रुग्णांना ते दिले गेले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कण लघवीवाटे बाहेर पडताना दिसले आणि गंभीर त्रास आढळला नाही. तो अभ्यास पेट स्कॅनसाठी होता, उपचारासाठी नव्हे. लहान केल्याने कणात मावणारे अणू कमी होतात आणि मूत्रपिंडाला जास्त मात्रा मिळते, ही त्याची किंमत.

किरणोत्सारी नॅनोकण रुग्णांमध्ये प्रत्यक्षात कुठे वापरले जातात?

निदानासाठी रोज वापरले जातात, आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी काढायच्या की नाही हे ठरवण्यासाठी ‘सेंटिनल नोड’, म्हणजे गाठीकडून येणारी लसिका जिथे आधी पोचते ती ग्रंथी, शोधतात. टेक्निशियम-९९एम जोडलेलं कलिल, ज्याचे कण दहा ते शंभर नॅनोमीटरच्या घरात असतात, स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत अगदी थोडं टोचतात. ते लसिकेबरोबर वाहत जाऊन पहिल्या ग्रंथीत अडकतं. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन काखेवरून पेनसारखा गॅमा प्रोब फिरवतात. ग्रंथीजवळ आल्यावर आवाजाचा टिकटिकाट एकदम वाढतो, मग तेवढीच ग्रंथी काढून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. ती स्वच्छ निघाली तर उरलेल्या वाचतात आणि हात सुजण्याचा आयुष्यभराचा त्रास बहुधा टळतो. इथे भक्षक पेशींनी कण गिळणं हीच गोष्ट उपयोगी पडते.

उपचारात पुढे गेले ते उपचार रक्तात फिरत नाहीत. यकृताच्या गाठींना रक्त मुख्यतः यकृत-धमनीतून मिळतं, निरोगी यकृताला मुख्यतः प्रवेशिका शिरेतून. या फरकाचा फायदा घेऊन मांडीतून किंवा मनगटातून नळी धमनीत नेतात आणि यिट्रियम-९०चे मणी सोडतात. त्याआधी चाचणी म्हणून टेक्निशियमचे कण सोडून ते फुप्फुसाकडे किती निसटतात हे मोजतात. हे मायक्रोकण आहेत, पण तत्त्व तेच.

मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी ऱ्हेनियम-१८६चे सुमारे शंभर नॅनोमीटरचे लिपोसोम बारीक कॅथेटरने, हलका दाब ठेवून, थेट गाठीत सोडण्याच्या चाचण्या अमेरिकेत सुरू आहेत. पहिल्या टप्प्याचे २१ रुग्णांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीला १०० ग्रेपेक्षा (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) जास्त मात्रा मिळालेले रुग्ण मध्यमानाने १७ महिने जगले, कमी मिळालेले ६ महिने. या आजारात बाहेरून साधारण ६० ग्रे देतात, हे लक्षात घेतलं की मात्रेचा अंदाज येतो. मात्र हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांची गाठ लहान आणि सोयीच्या जागी, त्यांना जास्त मात्रा मिळणं साहजिक आहे. १७ विरुद्ध ६ हा आकडा पुढच्या टप्प्यांची वाट बघतच वाचावा.

शिरेतून टोचायचे किरणोत्सारी नॅनोकण कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत अजून आलेले नाहीत.

किरणोत्सारी सोन्याबद्दल ऐकलं. त्याचा सुवर्णभस्माशी काही संबंध आहे का?

नाही. भस्मातलं सोनं किरणोत्सारी नसतं. इथे सोनं हे वाहन आणि किरणांचा उगम, एवढ्यापुरतंच आहे.

सोने-१९८च्या कलिलाचा वैद्यकीय वापर १९४०च्या दशकातच सुरू झाला, पोटात किंवा छातीत पाणी साठलेल्या कर्करुग्णांसाठी. अलीकडे मिसूरी विद्यापीठात मूळ कर्नाटकचे डॉ. कट्टेश कट्टी आणि सहकाऱ्यांनी चहातल्या ईजीसीजी या संयुगाचं आवरण दिलेले सोने-१९८चे कण उंदरांच्या प्रोस्टेट गाठींत थेट टोचले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात गाठींचं आकारमान ८० टक्क्यांहून अधिक घटलं. ते उंदीर होते, आणि इंजेक्शन शिरेत नव्हे तर गाठीत होतं. चहा पिऊन हे होत नाही.

हाफ्नियमचे कण म्हणजे हेच का?

नाही. हाफ्नियम ऑक्साइडचे कण स्वतः किरणोत्सारी नाहीत. ते गाठीत टोचून मग बाहेरून रेडिएशन देतात, म्हणजे गाठ जास्त ऊर्जा शोषते.

आपल्याकडे, मुंबईत, यातलं काय होतं?

किरणोत्सारी औषधांच्या बाबतीत मुंबई हे देशातलं जुनं केंद्र आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे, आणि ल्युटेशियम-१७७ तिथे तयार होतं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. ल्युटेशियमचे पेप्टाइड उपचार तिथे वर्षानुवर्षं दिले जात आहेत. वाशीचं ‘ब्रिट’ (अणुऊर्जा विभागाचं विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ) ही औषधं देशभरच्या रुग्णालयांना पुरवतं.

कणांच्या बाबतीत दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. संधिवाताने सुजलेल्या गुडघ्यात टोचण्यासाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट कणांवर ल्युटेशियम-१७७ चढवण्याची पद्धत भाभा केंद्रात विकसित झाली. आणि यिट्रियम-९०च्या आयात मण्यांना ‘भाभास्फिअर’ हा देशी पर्याय तयार झाला. दोन्ही मायक्रोकण, दोन्ही थेट जागेवर सोडायचे. अर्धायुष्य दिवसांत मोजलं जातं तिथे विमान उशिरा आलं तर औषधाचा काही भाग वाटेतच संपतो. म्हणून देशात उत्पादन असण्याला पैशापलीकडचं महत्त्व आहे.

नव्या नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. किरणोत्सारी असेल तर औषध नियंत्रकांबरोबर अणुऊर्जा नियामक मंडळाचीही परवानगी लागते.

घरच्यांना धोका असतो का?

समस्थानिकावर अवलंबून आहे. शुद्ध बीटा सोडणाऱ्या यिट्रियम-९०चे किरण बहुतांशी रुग्णाच्या शरीरातच थांबतात. आयोडीन-१३१ सोबत तीव्र गॅमा किरण सोडतं, म्हणून मोठ्या डोसनंतर वेगळ्या खोलीत ठेवतात आणि तिथलं सांडपाणी साठवणटाकीत मुरवून मगच सोडतात. ल्युटेशियमचा गॅमा सौम्य असतो. रुग्णालय लेखी सूचना देतं, त्या पाळा: काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर, स्वतंत्र झोपणं, बसून लघवी करणं, फ्लश दोनदा. रुग्णाच्या ताटात जेवू नका, पण त्याला वाळीतही टाकू नका. समोर बसून गप्पा मारायला हरकत नसते.

दुष्परिणाम कोणते?

रक्तातल्या पेशी कमी होणं, थकवा, मळमळ. अणू जिथे रेंगाळतो त्या अवयवाचे त्रास वेगळे: पीएसएमए औषधांत तोंड कोरडं पडतं, मण्यांच्या उपचारात यकृतावर ताण येतो. नॅनोकणांमुळे काहींना टोचताना लगेच अंग लाल होणं, धाप लागणं अशी प्रतिक्रिया येऊ शकते. गरोदरपणात हे उपचार देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने ते आधीच सांगावं.

‘नॅनो-न्यूक्लिअर थेरपी’ देतो असं एका ठिकाणी सांगितलं आणि पैसे मागितले. काय करावं?

पैसे भरण्याआधी थांबा. समस्थानिकाचं नाव, वाहकाचं नाव आणि परवानगीची कागदपत्रं लेखी मागा. चाचणी असेल तर ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असलीच पाहिजे. २००९ पासून ते बंधनकारक आहे आणि नोंद कोणालाही मोफत पाहता येते. चाचणीतलं औषध विकत घ्यायला सांगणं हेच संशयाला पुरेसं कारण आहे. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे, मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. तिथे न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी आहेत का, हेही विचारा. हे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर दुसरीकडे मत घ्या.

चालू उपचार थांबवून याची वाट पाहावी का?

नाही. गाठ वाट पाहत नाही. आज मान्य असलेला उपचार तुमच्या आजारावर लागू असेल तर तो वेळेवर घ्या, आणि पुढे चाचणीत भाग घेण्याची शक्यता आहे का हे याच डॉक्टरांना विचारून ठेवा. बायोप्सीचे ब्लॉक, जुने पेट स्कॅन सीडीसकट आणि रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा. चाचणीसाठी पात्रता ठरवताना पहिल्याच भेटीत हीच कागदपत्रं मागतात.